एक कथा, दोन स्वीकारपत्रे

विज्ञानकथा मासिकांकडे कथा पाठवणाऱ्याने नकार पचवायला शिकले पाहिजे, असे सगळेच सांगतात. होकार आल्यामुळे अडचणीत आलेल्या लेखकाची हकीकत मात्र फारशी कोणी लिहून ठेवत नाही. येथे मांडलेले प्रकरण तशाच एका लेखिकेचे आहे. त्यांच्या कथा मी अनेक वर्षे पहिला वाचक म्हणून वाचत आलो आहे, या प्रकरणात एका वळणावर मी दिलेला सल्लाही कारणीभूत ठरला, आणि पुढची पत्रे आम्ही दोघांनी बसून लिहिली. लेखिकेच्या संमतीने हे लिहीत आहे. दोन्ही मासिकांची नावे देण्याचे कारण नाही, त्यांना क आणि ख म्हणू.

कथा 4,800 शब्दांची होती. विज्ञानकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्काराच्या वर्गवारीत 7,500 शब्दांच्या आतली कथा ‘लघुकथा’ धरली जाते, आणि बहुतेक मासिकांना याच लांबीची कथा अंकात बसवायला सोपी जाते. पिढ्यानपिढ्या प्रवास करणाऱ्या अवकाशयानात घड्याळे लावण्याचे काम करणारी एक म्हातारी आणि तिने तीस वर्षे कोणालाही न सांगता दर दिवसातून कमी केलेला एक सेकंद, एवढाच तिचा गाभा होता. कथा चांगली होती. क मासिकाकडे जाण्यापूर्वी ती दोन ठिकाणांहून साभार परत आली होती. एका ठिकाणाहून दोन दिवसांत छापील नकार आला, तर दुसरीकडून 34 दिवसांनी संपादकाने स्वतः लिहिलेल्या तीन ओळी आल्या. त्या तीन ओळींमुळे लेखिकेने शेवट बदलला, आणि बदललेली कथा क मासिकाकडे पाठवली.

क मासिकाची नियमावली पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी असल्यामुळे ती नीट सांगायला हवी. मानधन शब्दाला 10 सेंट, म्हणजे या कथेला 480 डॉलर. अमेरिकेतील विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने 2019 पासून शब्दाला 8 सेंट हा व्यावसायिक दर मानला आहे, त्याहून हा दर वरचा. कथा लेखकाच्या नावाविना वाचली जाईल, म्हणून हस्तलिखितावर नाव, पत्ता, परिचय काहीही नको. एकाच वेळी दुसऱ्या मासिकाकडे दिलेली कथा चालणार नाही. उत्तर साधारण 60 दिवसांत मिळेल, 90 दिवस उलटले तर नोंद क्रमांक देऊन विचारणा करावी. कथा पाठवताच पोच येते, त्या पोचेत नोंद क्रमांक असतो आणि कथेची सद्यःस्थिती पाहण्यासाठी एक दुवा असतो.

हा दुवा लेखिकेने एकदाही उघडला नव्हता. त्यांनी आधी क मासिकाकडे दोन कथा पाठवल्या होत्या, दोन्ही वेळा पोच आली आणि काही आठवड्यांनी नकार आला. त्यामुळे त्या मासिकाकडून दोनच प्रकारची पत्रे येतात, असा त्यांचा समज झाला होता. पोचेच्या शीर्षकात फक्त ‘आपली नोंद क्र.’ आणि पुढे आकडा असे, निकालाच्या पत्राच्या शीर्षकात ‘निर्णय’ हा शब्द असे.

41 व्या दिवशी क मासिकाचे तिसऱ्या प्रकारचे पत्र आले. कथा मासिकाच्या प्रथम वाचकांच्या चाळणीतून पुढे गेली असून संपादकांच्या विचारार्थ राखून ठेवली आहे, अंतिम निर्णयाला आणखी वेळ लागेल, असे त्यात लिहिले होते. शीर्षकात मात्र पुन्हा ‘आपली नोंद क्र.’ आणि आकडा. नावाविना वाचन होत असल्यामुळे आत लेखिकेचे नाव नव्हते आणि कथेचेही नव्हते. लेखिकेने शीर्षक पाहिले, पोचच पुन्हा आली असे समजून ते न उघडता जुन्या पत्रांत सरकवले. कोणत्याही लेखकाला ज्या पत्राने आठवडाभर झोप लागली नसती, ते पत्र सुमारे साडेतीन महिने तिथे न वाचलेले पडून राहिले.

नावाविना वाचनाची पद्धत यामुळे दोषी ठरते असे मी म्हणणार नाही. ओळखीचे नाव पाहिले की वाचणाऱ्याची नजर बदलते, आणि नवख्याला त्याचा तोटा होतो. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाला वजन होते त्यांनाही निव्वळ कथेवर निकाल हवासा वाटला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पण जिथे नाव काढून टाकले जाते तिथे नोंद क्रमांक हीच कथेची ओळख उरते, आणि तो क्रमांक सांभाळण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंवर येते. या प्रकरणात ती दोन्ही बाजूंकडून निसटली.

94 व्या दिवशी लेखिकेने विचारणा केली. पत्र सभ्य, चार ओळींचे होते. त्यात कथेचे नाव होते, पाठवल्याची तारीख होती, नोंद क्रमांक नव्हता. शिवाय ते विचारणेसाठी दिलेल्या पत्त्यावर न जाता मासिकाच्या सर्वसाधारण पत्त्यावर गेले. उत्तर आले नाही. महिनाभराने त्यांनी मला विचारले, आणि मी सांगितले की चार महिने मौन म्हणजे नकारच समजा, कथा पुढे पाठवा. माझ्या मनात त्या वेळी अमेरिकन विज्ञानकथा लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांनी 1947 च्या निबंधात नव्या लेखकांना घालून दिलेला नियम होता, की कथा विकली जाईपर्यंत ती बाजारात फिरती ठेवावी. नियम योग्य आहे. पण कथा एका दारातून अधिकृतपणे बाहेर पडल्याशिवाय ती दुसऱ्या दारात नेता येत नाही, हे त्या नियमात गृहीत आहे, आणि मी ते बोलून दाखवले नाही. ‘आधी कथा मागे घेतल्याचे कळवा’ एवढे एक वाक्य मी बोललो असतो, तर हे प्रकरण घडलेच नसते.

125 व्या दिवशी कथा ख मासिकाकडे गेली. तिथे मानधन शब्दाला 8 सेंट, म्हणजे 384 डॉलर, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी कथा न देण्याचा नियम तिथेही होता. त्यानंतर सगळे फार लवकर घडले. 144 व्या दिवशी ख मासिकाने कथा स्वीकारल्याचे कळवले, 146 व्या दिवशी करार आला, 147 व्या दिवशी लेखिकेने सही करून पाठवला. 150 व्या दिवशी सकाळी क मासिकाचे पत्र आले. शीर्षकात ‘निर्णय’ हा शब्द होता. कथा स्वीकारली होती.

पहिली प्रतिक्रिया काय असते, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे, कारण चुकीचे पाऊल पडते ते त्याच तासाभरात. लेखिकेला क मासिकात छापून येण्याची कित्येक वर्षांची इच्छा होती. मानधनातला 96 डॉलरचा फरक गौण होता. त्या मासिकात आपली कथा यावी, हेच मोठे होते. त्यांनी मला विचारले, ‘ख मासिकाला काही तरी कारण सांगून करार रद्द करता येईल का?’ थोड्या वेळाने दुसरा विचार आला, की क मासिकाला कळवावे की कथा आपण महिन्याभरापूर्वीच मागे घेतली होती, ते पत्र बहुधा पोचले नसावे. दोन्ही विचार माणसाला सुचतील असेच आहेत. दोन्ही का बाजूला ठेवले, ते सांगतो.

ख मासिकाशी झालेल्या करारात तीन गोष्टी होत्या. इंग्रजीतील प्रथम प्रकाशनाचे हक्क त्या मासिकाला दिले होते. प्रकाशनानंतर सहा महिने कथा दुसरीकडे येऊ द्यायची नव्हती. आणि एका कलमात लेखिकेने लिहून दिले होते की हे हक्क देण्यास त्या पूर्ण मोकळ्या आहेत व कथा इतरत्र विचाराधीन नाही. प्रथम प्रकाशनाचा हक्क एकदाच देता येतो. मानधन वाटून घेता येते, पुनर्प्रकाशनाचे हक्क पुन्हा पुन्हा देता येतात, पण ‘पहिल्यांदा’ ही गोष्ट एकदाच घडते, आणि विज्ञानकथा मासिके मुख्यतः त्या एकाच गोष्टीचे पैसे मोजतात. सही झाल्यावर तो हक्क लेखिकेच्या हातात उरला नव्हता, म्हणून क मासिकाला देण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते.

तिसरे कलम अधिक अवघड होते. सही करताना लेखिकेने ते खरे मानले होते, पण वस्तुतः ते खरे नव्हते, कारण कथा त्या दिवशीही क मासिकाकडे विचाराधीन होती. ख मासिकाला काहीच न सांगता गप्प बसणे सोयीचे होते आणि कदाचित कधीच उघडकीला आले नसते. तरी चुकीचे विधान आपल्या सहीनिशी समोरच्याच्या हातात आहे हे कळल्यावर ते दुरुस्त करणे भागच होते. कराराच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे होते, कारण पुढे क मासिकाने हक्क सांगितला असता तर त्याचा त्रास ख मासिकाला झाला असता.

यावर आमच्यात एक मतभेद झाला. लेखिका म्हणाल्या, सही झाली नसती तर क मासिकाला नकार द्यावा लागला नसता, ख मासिकाला द्यावा लागला असता. मी आधी उलट बोललो, पण विचार केल्यावर त्यांचेच म्हणणे मला पटले. ख मासिकाचे स्वीकारपत्र आले त्या दिवशी, होकार कळवण्यापूर्वी, क मासिकाची खरी स्थिती समजली असती, तर कथेवर पहिला अधिकार क मासिकाचा होता. कथा तिथे आधी गेली होती, त्यांच्या नियमांचा स्वीकार करून गेली होती, आणि ती मागे घेतली गेली नव्हती. त्या स्थितीत ख मासिकाला खरे कारण सांगून दिलगिरी व्यक्त करणे आणि कथा परत घेणे योग्य ठरले असते. सहीने हा क्रम बदलला. करार कधी बंधनकारक होतो याचे कायदे देशोदेशी वेगळे असतात, पण लेखक आणि संपादक यांच्यातील व्यवहारात दिलेला शब्द आणि केलेली सही यांना धरूनच चालावे, असे माझे मत आहे.

क मासिकाला त्याच दिवशी पाठवलेले पत्र असे होते:

‘आपण माझी कथा स्वीकारल्याचे आज सकाळी वाचले. आपल्या मासिकाने ती निवडावी याहून मोठा आनंद मला नाही, आणि म्हणूनच पुढचे लिहिताना फार वाईट वाटते. ही कथा मी आपल्याला देऊ शकत नाही. 94 व्या दिवशी केलेल्या विचारणेला उत्तर न आल्यामुळे कथा नाकारली गेली असे मी गृहीत धरले आणि ती मागे घेतल्याचे आपल्याला न कळवता दुसऱ्या मासिकाकडे पाठवली. त्यांनी ती स्वीकारली असून तीन दिवसांपूर्वी मी करारावर सही केली आहे. कथा राखून ठेवल्याचे आपले पत्र मला आले होते, हे मला आज जुनी पत्रे पाहताना समजले. मी ते उघडले नव्हते. चूक माझी आहे. या कथेवर आपल्या वाचकांनी आणि आपण दिलेल्या वेळाबद्दल मी मनापासून क्षमा मागते. कथेवर आपला कोणताही दावा नसल्याचे दोन ओळींत कळवाल का, म्हणजे मी ते दुसऱ्या संपादकांना दाखवू शकेन.’

पहिल्या मसुद्यात ‘आपल्याकडून उत्तर मिळाले नाही’ याविषयी आणखी दोन वाक्ये होती. ती खोटी नव्हती. तरीही आम्ही ती काढली, कारण क्षमा मागणाऱ्या पत्रात तक्रार आली की वाचणाऱ्याला फक्त तक्रारच दिसते. चूक काय झाली, आता स्थिती काय आहे आणि आपल्याला काय हवे आहे, एवढेच ठेवले.

ख मासिकाला त्याच तासात वेगळे पत्र गेले. करारातील अमुक कलम सही करताना मी खरे समजत होते, आज समजले की ते खरे नव्हते, दुसऱ्या मासिकाला कथा उपलब्ध नसल्याचे मी कळवले आहे, त्यांचे लेखी उत्तर येताच आपल्याला पाठवीन, आणि यामुळे आपल्याला करार रद्द करावासा वाटला तर तो आपला अधिकार मी मान्य करते, असे त्यात होते. शेवटचे वाक्य लिहिताना लेखिकेचा हात अडखळला होता. एका सकाळी दोन स्वीकारपत्रे असलेल्या व्यक्तीकडे संध्याकाळी एकही उरणार नाही, अशी खरीखुरी शक्यता त्या वाक्यात होती.

ख मासिकाच्या संपादकांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. सांगितल्याबद्दल आभार, लेखी उत्तर आले की करार आहे तसा चालू राहील, एवढेच. क मासिकाचे उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस कठीण गेले. संपादकांनी कथेवर दावा नसल्याचे स्पष्ट लिहिले. निराशा लपवली नाही: कथेसाठी अंकात जागा ठरवलेली होती, ती आता दुसऱ्या कथेने भरावी लागणार होती. पण त्यांनी पुढे हेही लिहिले की विचारणेचे पत्र सर्वसाधारण पेटीत सापडले, क्रमांक नसल्यामुळे ते कोणत्या कथेबद्दल आहे हे शोधायचे राहून गेले, आणि उत्तर न देणे ही त्यांच्या बाजूची चूक होती. पुढची कथा जरूर पाठवावी, असे शेवटी होते.

एकाच वेळी दोन ठिकाणी दिलेली कथा न स्वीकारण्याचा नियम लेखकांवर अन्याय करतो का, हा प्रश्न या प्रकरणात येतोच. माझे उत्तर अर्धे होय असे आहे. क्लार्क्सवर्ल्ड, असिमॉव्ह्ज यांसारखी नावाजलेली मासिके हा नियम पाळायला सांगतात, त्यामुळे एकेका मासिकाच्या उत्तराची वाट पाहण्यात एका कथेचे वर्ष सहज निघून जाते. तो काळ लेखकाच्या आयुष्यातला असतो आणि त्याचे मानधन कोणी देत नाही. पण नियमामागची अडचण खोटी नाही. कथा प्रथम वाचक वाचतो, मग दुसरा वाचक, मग संपादक, मग कधी कधी सगळे मिळून चर्चा करतात, आणि हे करणारी माणसे थोडी असतात, अनेकदा बिनपगारी. फेब्रुवारी 2023 मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की क्लार्क्सवर्ल्डला 20 तारखेला कथा घेणे काही काळ बंद करावे लागले. अशा ओझ्याखाली ज्या कथेवर तीन माणसांनी वेळ घालवला ती शेवटच्या क्षणी हातची गेली, तर त्या वेळात न वाचल्या गेलेल्या कथांचे लेखकही नकळत भरडले जातात. म्हणून माझा आग्रह नियम काढून टाकण्याचा नाही. ज्या मासिकाला कथा फक्त आपल्याकडेच दिलेली हवी त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे, आणि मुदत उलटल्यावर लेखकाने ठरावीक दिवशी पत्र पाठवून कथा मोकळी करून घ्यावी, हे दोघांच्याही नियमात लिहिलेले असावे, असा तो आग्रह आहे.

मागे घेण्याचे पत्र दोन ओळींचे असते. ‘नोंद क्र. अमुक ही कथा मी आजपासून विचारातून मागे घेत आहे. वाचनासाठी दिलेल्या वेळाबद्दल आभार.’ कारण सांगण्याची गरज नसते, नाराजी दाखवण्याची तर मुळीच नसते. अनेक मासिकांच्या सादरीकरण-व्यवस्थेत सद्यःस्थितीच्या पानावरच मागे घेण्याची सोय असते. लेखिकेने 125 व्या दिवशी त्या पानावर जाण्यासाठी दुवा उघडला असता, तर मागे घेण्याच्या खुणेच्या अगदी वरच त्यांना ‘संपादकांच्या विचारार्थ राखून ठेवली’ ही ओळ दिसली असती. मला या प्रकरणातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. नियम पाळायला गेल्या असत्या, तर हवी असलेली बातमी त्यांना तिथेच मिळाली असती.

लेखिकेच्या नोंदवहीत आता कथेच्या नावाच्या आधी नोंद क्रमांकाचा रकाना आहे, त्यापुढे विचारणेचा शेवटचा दिवस आणि ‘मागे घेतली’ हा रकाना, त्यात तारीख भरल्याशिवाय पुढच्या मासिकाचे नाव लिहायचे नाही. मासिकांची पत्रे आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जातात, आणि तो कप्पा त्या दर रविवारी एकेक पत्र उघडून वाचतात.

कथा ख मासिकात ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध झाली, 384 डॉलर मिळाले, आणि सहा महिन्यांची मुदत संपल्यावर पुनर्प्रकाशनाचे हक्क लेखिकेकडे परत आले. क मासिक पुनर्प्रकाशित कथा घेत नाही, त्यामुळे घड्याळवाल्या म्हातारीला ते दार कायमचे बंद झाले. दरम्यान त्यांनी क मासिकाकडे नवी कथा पाठवली. 52 व्या दिवशी निकाल आला. नकार होता, पण संपादकांनी स्वतः लिहिलेला, आणि त्यात कथेच्या मधल्या भागाविषयी दोन नेमक्या सूचना होत्या. लेखिका सध्या त्या भागावर काम करीत आहेत.